अखंड उघड्यावर

प्रिय रुचिका,

रविवार, १२ एप्रिल २०२६, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ओट्यावर बसून तुझ्या काचपट्ट्या एकेक करून हुंगतो आहे. हसू नकोस. नरपडहून आणलेल्या सगळ्या पट्ट्यांना जवळ्याचा वास येतो आहे. घरच्या छपरावरच्या पट्ट्यांना कसलाच येत नाही. मघाशी शिडी लावून त्याही हुंगून आलो, जागच्या न हलवता. आय खालून म्हणाली, काचेला कसला वास येतो, तुझंच नाक फिरलंय. मी नरपडची एक पट्टी तिच्या नाकाखाली धरली. तिने ती दोनदा हुंगली आणि विचारलं, आज जवळा करू का, घरात कांदे आहेत. या घरात मी एकटाच काळजी करतो असं जे मी म्हणतो ना, ते यासाठी.

तुला माझ्याकडून दोन ओळी हव्या आहेत. फोनवर नको, टाईप केलेल्या नकोत, माझ्या अक्षरात, तारीख घालून, सही करून. ज्याने काचा सांभाळल्या त्याचं निवेदन प्रबंधाच्या शेवटी जोडायचं असतं, हे तू मला परवा शुक्रवारी सांगितलंस. मजकूरही तूच सांगितलास, म्हणजे मला फक्त उतरवायचा होता. शुक्रवारपासून तीन कागद फुकट गेले. अक्षर बिघडलं म्हणून नाही. तिन्ही वेळा मी एकाच शब्दापाशी अडलो आणि पेन खाली ठेवलं. तो शब्द कुठला ते सांगतोच, पण आधी मला थोडं चिडू दे. सहा महिने मी कुणावर चिडलो नाही आणि ते सगळं आता साचलं आहे.

पहिली चीड तुझ्यावर. ऑक्टोबरात तू आलीस ती दोन दिवसांसाठी, आणि पिशवीत कपड्यांपेक्षा काचा जास्त. दोन लाकडी चौकटी, खाचा पाडलेल्या, खाचांत काचपट्ट्या, प्रत्येकीच्या मागे कोपऱ्यात ओरखडून लिहिलेला क्रमांक. एक चौकट आपल्या छपरावर, डोंगराच्या हवेत. दुसरी समुद्राजवळ, खाऱ्या हवेत. पंधरा ऑक्टोबर ते पंधरा एप्रिल. तू आयला समजावत होतीस की काचेवर झिंक ऑक्साइडचा थर आहे, केसाचे जाडीत दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा, आणि तो डोळ्याला दिसत नाही. आयने काच उन्हात तिरकी धरली आणि म्हणाली, दिसतंय की, डबक्यावर रॉकेल सांडल्यासारखं. तू हसलीस आणि म्हणालीस, हो, तेच. मग मला म्हणालीस, "दादा, या एक्स्पोज करायच्या आहेत, बस्स." बस्स म्हणून तू गाडीत बसलीस. तो एक शब्द माझ्या गळ्यात बांधून घाटावर निघून गेलीस.

मी तो शब्द शब्दकोशात पाहिला. तुला माहीत आहे, मी पाहणारच. उघडा ठेवणे. उघडा पाडणे. उघडकीस आणणे. यातला पहिला आपला, हे मला कळत होतं. तुझ्या प्रयोगशाळेत मी एकदा येऊन गेलो होतो म्हणून एवढं तरी कळत होतं. तापलेल्या पत्र्यावर काच ठेवून तू वरून पाण्यासारखं काहीतरी बारीक फवारत होतीस, आणि तव्यावर पाण्याचा हात मारावा तसा चर्र आवाज येत होता. तू तीन तास उभी होतीस. मी स्टुलावर बसलो होतो आणि माझेच पाय दुखत होते. त्या दिवशी तू म्हणालीस की थर लावणं सोपं आहे, तो टिकतो का हे कळणं कठीण, आणि त्याला खरं मारतं ते ऊन नाही, ओल. रात्रीची ओल. हे तुझं वाक्य मला पाठ आहे. आता ते पाठ नसतं तर बरं झालं असतं.

दुसरी चीड आपल्या पाड्यावर. छपरावर चौकट चढली त्या दिवसापासून तुक्या मला रस्त्यात थांबवून विचारतो, "नव्या, बहिणीची फिल्म कधी लागणार?" एकदा नाही, दर वेळी. तुला वाटेल एकटा तुक्याच. नाही. दुधाच्या गाडीवाल्याने विचारलं, बस स्टॉपवरच्या पोरांनी विचारलं, आणि मामीने तर तळासरीच्या बाजारात हळू आवाजात विचारलं की पोरगी त्या लाईनमध्ये गेली हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं, आता तिला स्थळं कशी यायची. मी समजावून थकलो की फिल्म म्हणजे पापुद्रा, काचेवरचा थर, आणि ती त्यात डॉक्टर होणार आहे. मग मामीने गुडघा पुढे केला. शेवटी आयनेच तुक्याला गप्प केलं. म्हणाली, "लागत नाही रे ती. फवारतात." तुक्या अजून त्यावर विचार करतो आहे.

घरच्या चौकटीचं मी तुला सगळं लिहून पाठवत आलोच आहे. बकरी एकदा छपरावर चढली, पण चौकटीपर्यंत गेली नाही. होळीच्या दिवसांत वरच्या अंगाला गवत पेटवलं होतं, राख उडाली, ती मी पुसली नाही, कारण तू पुसू नको म्हणाली होतीस. एवढी राख बघून पुसायचं नाही हे मला किती जड गेलं ते मलाच माहीत. आमच्या फुग्यांच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. साचा रबराच्या दुधात बुडवून काढला की त्यावर थर बसतो, त्या थराला टाचणीएवढं भोक असलं तरी तो माल मी बाजूला टाकतो. दिवसभर डाग आणि भोकं शोधणाऱ्या माणसाला तू डाग पडू द्यायला सांगितलंस. मी पडू दिले. छपरावरच्या पट्ट्यांना सहा महिन्यांत कुणाचं बोट लागलेलं नाही. याबद्दल तू कुठेही माझी सही घे.

आता नरपड. कारखान्यात माझ्या शेजारी पांड्या काम करतो, त्याचं घर तिथे किनाऱ्याला लागून. त्याची आई पुतळीमावशी. तू तिला भेटली नाहीस. उंच, सडसडीत, बोलताना समोरच्याकडे न बघता समुद्राकडे बघते. तिच्या अंगणात जवळा वाळत असतो आणि अंगणाच्या कडेला, कुडाबाहेर, एक मोकळी जागा आहे, वर छप्पर नाही, तिथे वारा सरळ येतो. तिथे मी चौकट बांधली. मावशीने विचारलं, करायचं काय याचं. आता तूच सांग, मी काय सांगायला हवं होतं. उघड्या ठेवायच्या म्हणालो असतो तर तिने विचारलं असतं, मग झाकण कुठाय. एक्स्पोज म्हणालो असतो तर तिने पांड्याला हाक मारली असती. मी म्हणालो, मावशी, या काचा सहा महिने उन्हात ठेवायच्या आहेत, माझ्या बहिणीच्या शिक्षणाचं काम आहे. ती म्हणाली, ठेवीन. मला वाटलं, झालं.

त्यानंतर दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पांड्याच्या मोटारसायकलवरून मी जात होतो आणि फोटो काढून तुला पाठवत होतो. दुपारचा एक. कडक ऊन. चौकट जागच्या जागी, पट्ट्या खाचांत, सगळ्या चकचकीत. तू अंगठा पाठवायचीस. मला एकदाही प्रश्न पडला नाही की खाऱ्या वाऱ्यात काचा इतक्या चकचकीत कशा. तुलाही पडला नाही. मी बारावी नापास आहे, तू शिकलेली आहेस, म्हणून माझी चीड थोडी जास्त आहे आणि ती योग्य आहे असं मला वाटतं.

गुरुवारी कारखान्यातली लाईट गेली ती आलीच नाही. मालकाने लवकर सोडलं. पांड्या म्हणाला चल घरी, चहा घेऊ. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. कुडाबाहेर चौकट होती आणि चौकट रिकामी होती. मग दिसलं, मावशी वाकून शेवटच्या दोन पट्ट्या खाचेतून काढत होती आणि ओटीत टाकत होती, चिंचा गोळा कराव्यात तशा. मला बघून तिला आनंदच झाला. म्हणाली, "आलास? धर ह्या. अंधाराच्या आत घ्यायला लागतात, दव लय पडतं."

मी विचारलं, मावशी, रोज घेतेस? ती म्हणाली, रोज म्हणजे, पहिल्या दिवसापासून. मी म्हणालो, अगं पण मी सांगितलं होतं ना, सहा महिने बाहेर. तिने माझ्याकडे पाहिलं, समुद्राकडे नाही, माझ्याकडे. "उन्हात ठेवायच्या म्हणालास तू. रात्री कुठलं ऊन?"

रुचिका, तिचं बरोबर आहे. त्या अंगणात जे उन्हात घातलं जातं ते संध्याकाळी आत जातं. मासे असोत, मिरच्या असोत, पापड असोत. उन्हात घालायचं म्हणजे वाळवायचं, आणि वाळवण दवात ठेवतो तो आळशी. मी तिला वाळवण दिलं होतं आणि तिने ते वाळवणासारखं सांभाळलं. रोज सकाळी जवळ्याबरोबर बाहेर, रोज संध्याकाळी जवळ्याबरोबर आत. बरं, नुसत्या आत नाही. जुन्या लुगड्याचं मऊ फडकं तिने खास यासाठी फाडून ठेवलं आहे. प्रत्येक पट्टी पुसायची, खार बसू द्यायचा नाही, मग फडक्यात गुंडाळून जवळ्याच्या डब्याशेजारी, चुलीच्या वरच्या फळीवर, म्हणजे ऊबही मिळते. एकसुद्धा फुटलेली नाही. एकसुद्धा उलटी लागलेली नाही. मावशीला अक्षरओळख नाही, तरी क्रमांकाची बाजू रोज मागेच. एवढं सगळं तिने मला कौतुकाने दाखवलं आणि मी तिच्या ओट्यावर डोकं धरून बसलो.

पांड्या हसायला लागला. त्याला थांबवता येईना. म्हणाला, जगातल्या सगळ्यात सुखी काचा आहेत या. मी त्याच्यावर ओरडलो. मग मावशीला कळलं की काहीतरी चुकलं आहे, आणि तिचा चेहरा उतरला तो मला बघवेना. म्हणाली, "जवळासुद्धा मी दवात ठेवत नाही. हे तर पोरीच्या शिक्षणाचं होतं." एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली. चहात साखर दुप्पट होती.

त्याच संध्याकाळी डहाणूच्या स्टँडवरून मी तुला सगळं सांगितलं. तुझ्या मागून कुठल्यातरी यंत्राचा आवाज येत होता. मग तुझे मार्गदर्शक सर बोलावत आहेत म्हणून तू फोन ठेवलास. मला वाटलं तू रडत असशील. रात्रभर मी तेच समजत होतो, आणि मावशीला, स्वतःला, तुला, त्या शब्दकोशाला, सगळ्यांना बोलत होतो. शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज अगदी नीट होता. जास्तच नीट. तू म्हणालीस, जूनमध्ये फेलोशिप संपते, जुलैत त्या कॉलेजातली जागा निघते आहे, प्रबंध मे महिन्यात गेला नाही तर दोन्ही जातं. आणखी सहा महिने थांबायची आता सोय नाही. आणि मग म्हणालीस, "लिहून टाक ना दादा. तुझे फोटो आहेतच. रात्रीचा फोटो कुणी मागत नाही." आणि मजकूर सांगितलास. नरपड येथील काचपट्ट्या दिनांक अमुक ते तमुक अखंड उघड्यावर होत्या.

अखंड. हाच तो शब्द. पहिल्या कागदावर मी 'अ' लिहिला आणि थांबलो. दुसऱ्यावर पूर्ण लिहिला आणि फाडला. तिसऱ्यावर अनुस्वार दिला, तो ठळक, सुंदर आला, आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. मला कुठलाही शब्द चुकीचा लिहिता येत नाही, हे तू लहानपणापासून चेष्टेने सांगत आलीस. पण बरोबर लिहिलेला शब्द चुकीचा असू शकतो, हे मला या वेळी पहिल्यांदा कळलं, आणि त्याला कुठल्या शब्दकोशाचा इलाज नाही.

तू म्हणशील, दादा, तुला काय जातं. तू बारा बारा तास उभी राहतेस, मी नाही. तुझी जागा जाईल, माझी नाही. खरं आहे. आणि मी खोटं बोलत नाही असंही नाही. मालकाला मी आजारी असल्याचं बऱ्याच वेळा सांगितलं आहे. पण हे मी का लिहू शकत नाही ते तुला ठाऊक असलंच पाहिजे, कारण ते तुझ्यामुळेच आहे. माझी बारावीची प्रॅक्टिकल आठवते? तारेचा रोध मोजायचा होता. मीटरचा काटा एका जागी अडकायचा. बाकीच्या पोरांनी गाईडमधले आकडे उतरवले, मी जे दिसलं ते लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, असं कसं येईल? मी म्हणालो, सर, हेच आलं. त्यांनी वही बंद केली. घरी आलो तेव्हा बाबा बोलले, काका बोलले, पाड्यातले बोलले की एवढी अक्कल नाही तर शिकून करायचं काय, आणि मी पुन्हा परीक्षेला बसलोच नाही. तेव्हा तू आठवीत होतीस. मी मागच्या दाराशी बसलो होतो, तू भाकरी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "दादा, तू नाही चुकलास. काटा अडकला होता." एवढंच. त्यानंतर कुणी काहीही म्हटलं तरी मला वाईट वाटलं नाही. इतकी वर्षं फुग्यांची भोकं शोधतो आहे, तेही वाईट वाटून नाही.

म्हणून रुचिका, तुझं निवेदन हेच आहे. हे पूर्ण पत्रच. फोन असताना रविवारी अडीच तास कागदावर घालवले ते यासाठी, की तुला हाताने लिहिलेलं हवं होतं. सरांना दाखवताना तुक्याचा आणि मामीचा भाग झाकलास तरी चालेल, बाकीचा झाकू नकोस. तळासरीच्या, म्हणजे घरच्या छपरावरच्या पट्ट्या पंधरा ऑक्टोबरपासून आज हे लिहीपर्यंत अखंड उघड्यावर आहेत. नरपडच्या पट्ट्या फक्त दिवसा उघड्यावर होत्या, रात्री घरात, कोरड्या, उबेला, आणि रोज पुसलेल्या. त्यांना दव माहीत नाही. याने तुझं प्रकरण बुडतं की थोडं वाचतं हे मला कळत नाही, ते कळण्याइतका मी शिकलो नाही. सरांना विचारल्याशिवाय तुलाही ते कळणार नाही, आणि तू त्यांना अजून विचारलेलं नाहीस हे मला शुक्रवारच्या तुझ्या नीट आवाजावरून समजलं. विचार. ते रागावतील. रागावू देत. प्रयोगशाळेत थर दिलेल्या काचा उरल्या असतील त्या पाठवल्यास तर मावशी पुन्हा चौकट लावायला तयार आहे. या वेळी उघड्या, रात्रीसुद्धा. म्हणाली, ठेवीन, पण संध्याकाळी मी तिकडे बघणार नाही. जागा गेली तर इकडे ये, छपराखाली तुझी खाट तशीच आहे, मामीला मी तोंड देईन. माझी चीड हे पत्र लिहिता लिहिता बरीचशी उतरली, तुझ्यावरची थोडी शिल्लक ठेवली आहे, ती तू आल्यावर. तू चुकलीस असं मी कुणालाही म्हणणार नाही. काटा अडकला आहे, एवढंच. हलक्या हाताने एकदा टिचकी मार.

सही शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने करतो आहे. पहिलीत गुरुजींनी दुसरीऐवजी पहिली वेलांटी दिली ती आधारकार्डापर्यंत गेली, आणि जन्मभर मी ती चूक कुठेही उतरवली नाही. पण कागद खरा धरायचा तर नाव दाखल्यावरचंच लागतं.

तुझाच दादा,
नविन